कूस बदलण्याचा उन्हाळा

उन्हाळा आला की लोकांना आंबे आठवतात, मला कंबर आठवते. यंदा मार्च संपता संपता कूलरवाला आला. खिडकीतला कूलर उघडून त्याने मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत ओढून काढलं. त्या कुबट, ओल्या वासासरशी माझा हात आपोआप कमरेवर गेला. दुखत काही नव्हतं, तरी गेला. "काय टीचर, कंबर धरली का काय?" असं त्याने सहज विचारलं आणि मी त्याच्यावर खेकसले, "तू तुझं गवत बघ!" बिचारा नवं गवत भरायला लागला. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हाच प्रश्न मला अख्ख्या गल्लीने विचारला होता आणि प्रत्येकाला मी "छे, काही नाही" असं सांगितलं होतं, हे त्याला कुठून माहीत असणार?

त्या वर्षी फेब्रुवारीत माझी आई, आमची अम्मा, न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. वय ऐंशीच्या पुढे. ऑपरेशन झालं, पण आता ही उभी राहणं अवघड, असं डॉक्टर म्हणाले. पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलत राहा. दिवसा, आणि रात्रीही. हे 'रात्रीही' ते पेन खिशाला लावता लावता म्हणाले. सांगणाऱ्याला काय, एका शब्दाचं काम. माझ्या आयुष्यातली पुढच्या तीन-चार महिन्यांची झोप त्या एका शब्दात गेली.

घरात आम्ही दोघीच. मी शाळेत मराठी शिकवते. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणाऱ्यांना मी आजवर उत्तर दिलेलं नाही, इथेही देणार नाही. अम्मा मूळची तेलुगू, गल्लीत सोलापुरी मराठी आणि माझ्याशी दोन्हींची मिसळ बोलायची. धाकटा भाऊ श्रीनिवास पुण्यात असतो. ऑपरेशनला आला, आठ दिवस राहिला, जाताना म्हणाला, "अक्का, तुझ्याच्यानं होणार नाही. आमच्याकडे एक चांगलं केंद्र आहे. चोवीस तास बाया असतात. अम्माला तिथं ठेवू." मी म्हटलं, माझी आई माझ्या घरात राहील. तो म्हणाला, "ठीक आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत बघू. पण एक सांगतो, तुझी कंबरबिंबर गेली ना, तर मी विचारत बसणार नाही. गाडी घेऊन येईन आणि तिला घेऊन जाईन."

आणि कंबर गेली एप्रिलमध्येच.

आमच्याकडे नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं आणि कधी येईल ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्या दिवशी पहाटे आलं. बॅरल भरलं, बादल्या भरल्या, घागरी भरल्या, पातेली भरली. पाण्याच्या दिवशी सोलापुरातली बाई घरातला चमचासुद्धा रिकामा ठेवत नाही. शेवटची घागर उचलताना कमरेत काहीतरी चमकलं. आवाज नाही, काही नाही. घागर तशीच खाली ठेवली, जिथे होते तिथेच उभी राहिले आणि पहिला विचार मनात आला तो श्रीनिवासच्या गाडीचा.

दिवसा ही कंबर माणसात असायची. अम्मापाशी शेजारणीला बसवून शाळेत जाऊन यायची, वार्षिक परीक्षेचे गठ्ठे तपासायची, चार भाकऱ्या थापायची. पण रात्री दिवा मालवून आडवं झालं की तिला तोंड फुटायचं. उताणं झोपलं तर माकडहाडाच्या वर कळ. डाव्या कुशीवर वळलं तर ती कळ मांडीत उतरायची. उजव्या कुशीवर जरा बरं, म्हणून तिकडे वळायला जावं तर वळणं हेच मोठं कर्म. पालथं झोपलं की मान जायची. मी त्या पलंगावर घड्याळाच्या काट्यासारखी फिरत होते. बाहेर यंत्रमागांची खटखट, आत कूलरची घरघर, आणि मधूनच अम्माची हाक, "सरोजा, कूस." मग उठायचं. उठायचं म्हणजे काय, हे ज्याची कंबर शाबूत आहे त्याला सांगून कळत नाही. पलंगाची कड धरायची, दात आवळायचे, आणि तोंडातून आवाज निघू द्यायचा नाही. मग तिच्या काखेत हात घालून तिला शेंगांचं पोतं ओढावं तशी ओढायची आणि वळवायची. की पुन्हा दोन तास मोकळी. मोकळी म्हणजे तळमळायला मोकळी.

मला संताप यायचा. कमरेचा, पाण्याचा, श्रीनिवासचा, त्या डॉक्टरचा. आणि खोटं कशाला सांगू, अम्माचाही. हाक आली की मनात पहिलं यायचं, 'झाले एवढ्यात दोन तास?' हे लिहायला लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

कंबर एक आणि सल्ले शंभर. मी कितीही लपवलं तरी चालण्यातून गल्लीला कळलं होतं. कोणी म्हणे एरंडेल प्या. कोणी म्हणे विटेचा शेक घ्या. एकीने तर माझ्या कमरेला तिच्या नवऱ्याचा पट्टा बांधून पाहिला. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "गादी सोडा. सरळ फरशीवर झोपा. आमच्या ह्यांची कंबर शहाबादी फरशीनेच गेली." मी म्हटलं, गेली म्हणजे बरी झाली की गेलीच? त्यांना राग आला. पण त्या रात्री मी खरंच फरशीवर झोपले. मे महिन्यात सोलापूरची फरशी रात्री बारापर्यंत तव्यासारखी असते आणि पहाटे एकदम गार पडते. अर्धी रात्र भाजून निघाले आणि नंतर अशी आखडले, की अम्माची पहाटेची हाक आली तेव्हा मला उठताच येईना. खुर्चीचा पाय धरून, गुडघ्यांवर येऊन, रांगत तिच्या पलंगापाशी गेले. "काय गं, काय शोधायलीस?" तिने विचारलं. "कानातलं पडलंय," मी म्हटलं. "मग सापडलं का?" "हो." माझ्या कानात तेव्हा काही नव्हतंच.

मग लिंगराज काका झाले. हे आमचे शेजारी, कॉलेजात हेडक्लार्क होते, आता रिटायर. काका पायाळू आहेत, म्हणजे जन्माला येताना आधी पाय बाहेर आले. पायाळू माणसाने कमरेला लाथ मारली की उसण जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी विद्यार्थ्यांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते. तरी एका रविवारी सकाळी, चहासुद्धा न घेता, दाराची चौकट धरून काकांकडे पाठ करून उभी राहिले. काका इतके संकोचलेले, की त्यांनी आधी चप्पल काढली, पाय धुतले, माझीच माफी मागितली. "टीचर, पाय लावतोय हं. मनाला लावून घेऊ नका." आणि पायाचा अंगठा नुसता टेकवला. "जोरात मारा की हो!" आतून आवाज आला. अम्माला दारातलं सगळं दिसत होतं. "लेकरू समजून मारा!" मी तिला म्हटलं होतं, पाणी भरताना जरा लचक भरलीय, दोन दिवसांचं काम आहे. काकांनी मारली. नंतर वाकून मला नमस्कार केला. मला हसू आलं आणि त्या हसण्याने कमरेत जी कळ गेली, ती काय सांगू. दोन दिवस हसायचीही चोरी.

खरं म्हणजे पाठीवर पाय ही आमच्या घरातली जुनी रीत. अम्मा विड्या वळायची. वयाच्या नवव्या वर्षापासून ते डोळे अधू होईपर्यंत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पान कापायचं, चिमटीने तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा. पुन्हा पान. पंचवीस विड्यांची एक जुडी, आणि जुडी अर्धी ठेवून उठायचं नाही, हा गल्लीतल्या सगळ्या बायकांचा नियम. उठलं की हात थंड पडतो म्हणायच्या. तहान लागली, लघवीला लागली, पोर रडलं, काहीही होवो, "ही जुडी होऊ दे." दिवसभर अशी कमरेत वाकून बसलेली बाई संध्याकाळी जमिनीवर पालथी पडायची आणि मला हाक मारायची, "सरोजा, चढ." मी सात-आठ वर्षांची. भिंतीला हात लावून तिच्या पाठीवर चालायचं. "टाचेनं नको, पंजानं. जरा खाली. हां, तितं. नडुमुवर थांब." नडुमु म्हणजे तेलुगूत कंबर. तिच्या लुगड्याला तंबाखूचा उग्र वास यायचा आणि मला शिंका यायच्या. बाहेर पोरी लगोरी खेळत असायच्या. माझं सगळं लक्ष तिकडे. "झालं का अम्मा? जाऊ का?" पाच मिनिटांत मी दहा वेळा विचारायचे. ती म्हणायची, "जा." कधी म्हणजे कधी ती 'अजून जरा थांब' म्हणाली नाही, आणि मला ते तेव्हा जाणवलंही नाही.

मला खरा उपाय सांगितला तो नसरीनने. ती अम्माच्या पायाचे व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून दोनदा यायची. वय जेमतेम पंचवीस, पण नजर करडी. मी खुर्चीतून उठले, ते बघून म्हणाली, "टीचर, किती दिवस झाले?" मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "आता मला शिकवू नका. किती दिवस?" मी दार ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. तिने पाय उचलून बघितले, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, मुंग्या येतात का, पायातली ताकद गेलीय का, लघवीला त्रास होतो का, ते विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग घाबरायचं नाही. पण फरशीवर झोपायला कोणी सांगितलं? गादीवर झोपा. कुशीवर झोपायचं तर दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. उताणं झोपायचं तर गुडघ्यांखाली उशी. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर व्हायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग हाताने रेटा द्यायचा. आणि दिवसभर पडून राहू नका, थोडं थोडं चालत राहा." मग ती मला अम्माजवळ घेऊन गेली. "आणि यांना ओढता कशाला? पलीकडचा गुडघा वाकवायचा. एक हात खांद्यावर, एक कमरेवर. आपण अगदी जवळ उभं राहायचं, एक पाय पुढे. आणि आपल्याकडे वळवायचं. उचलायचं नाहीच." अम्मा अलगद वळली. अडीच महिने मी हे माणूस पोत्यासारखं ओढत होते, आणि ते असं वळत होतं! मला इतका राग आला की नसरीनला चहासुद्धा विचारला नाही.

पण गुण आला. पहिल्या आठवड्यात विशेष काही नाही, दुसऱ्या आठवड्यात मला सलग तीन तास झोप लागली. मग चार तास. मी हरखून गेले. शेजारीपाजारी, शाळेतल्यांना फोन करून, ज्याला त्याला उशीचं माहात्म्य सांगत सुटले. "अहो, गुडघ्यात उशी घ्या, उशी!" दोन तासांचा गजर मी पूर्वी मोबाइलवर लावत असे, पण अम्मानेच तो बंद करायला लावला होता. "तो कोंबडा नको. मी जागीच असती, मी हाक मारती की." आता ती हाक उशिरा यायची आणि मी म्हणायचे, बरं झालं, अम्मालाही झोप लागायला लागली. एकदा पाणी प्यायला उठले तर मोबाइलच्या उजेडात दिसलं, ती डोळे मिटून पडलीय आणि तिची बोटं चादरीवर हलतायत. अंगठा आणि पहिली दोन बोटं. वळायची, दुमडायची, पुन्हा वळायची. स्वप्नात विड्या करतेय, असं वाटून मला भरून आलं. तिच्या हातावर हात ठेवून मी परत येऊन झोपले. किती छान झोपले!

आठ दिवसांनी सकाळी तिचं अंग पुसताना माकडहाडावर काळसर लाल चट्टा दिसला. मधोमध कातडी गेलेली, रुपयाएवढी. नसरीन आली, तिने बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "टीचर, ही पाठ दोन तासांनी वळवलेली नाही."

ती गेल्यावर मी अम्मासमोर उभी राहिले. "रात्री हाक का मारत नाहीस?"

"मारती की."

"कधी?"

"हजार झाल्यावर."

"कसले हजार?"

तिने चादरीवरून बोटं उचलून दाखवली. "विड्या. आदी सातशे झाल्यावर मारायची. मग तुझी कंबर गेली. मग म्हटलं हजार होऊ दे. ह्या आठवड्यात दीड हजार करायली. हवेतली विडी लवकर होती गं, पान न्हाई, दोरा न्हाई."

"मी तर नुसती लचक म्हटलं होतं. कंबर गेली असं कोणी सांगितलं तुला?"

"सांगाय कशाला पायजे? झोपेत कूस बदलतीस तवा 'अम्मा, अम्मा' करतीस. पयल्यांदा मला वाटलं, मलाच हाक मारायलीस."

मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात कुणावर एवढी ओरडले नसेन. उपकार करतेस काय माझ्यावर? कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? मी इथे कुणासाठी मरतेय? तुझी पाठ सडवून मला झोप देणार होतीस? हातातलं पाण्याचं भांडं मी आपटलं, पाणी सगळीकडे झालं, पाण्याचा दिवस निदान तीन दिवस लांब होता. ती म्हणाली, "ओरडू नको, चमक भरंल." तेव्हा मी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले. राग तिचा नव्हता. रात्रभर झोप लागत होती तेव्हा मी एकदासुद्धा उठून घड्याळ का बघितलं नाही, हा राग होता. बघितलं नाही, कारण मला बघायचंच नव्हतं.

संध्याकाळी ती म्हणाली, "श्रीनूला फोन लाव." मी लावला नाही. तिने दारावरून जाणाऱ्या लिंगराज काकांना हाक मारून त्यांच्या मोबाइलवरून लावायला लावला. "ये बाबा. मला ने." मी फोन हिसकावून घेतला, श्रीनिवासला सांगितलं, काही यायचं नाही, ती काहीतरी बरळतेय. तिने तोंड फिरवलं नाही की आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "एका घरात दोन पाठी मोडायच्या कशाला? माझी झाली वापरून. तुझी अजून लई चालायचीय." मी म्हटलं, नसरीन सांगते तसं करू, गजर लावू, बाई ठेवू. ती म्हणाली, "बाई मिळंपर्यंत?"  रात्रीला राहणारी बाई मी मार्चपासून शोधत होते.

शनिवारी दुपारी श्रीनिवास आला. आमचं घर वरच्या मजल्यावर, जिन्यातून स्ट्रेचर वळेना, तेव्हा घरातली सर्वांत जाड चादर काढली, अम्माला तीवर घेतलं आणि चौघांनी चार कोपरे धरले. श्रीनिवास, लिंगराज काका, आणि समोरच्या कारखान्यातले दोघे. मी पाचवी, पायाकडची कड धरायला पुढे झाले. काका म्हणाले, "टीचर, तुम्ही नको. कंबर." सगळे थांबले होते, जिन्यात ऊन मी म्हणत होतं, वाद घालायला वेळ नव्हता. मी हात सोडला. माझ्या आईला माझ्या घरातून बाहेर नेताना माझा हात लागला नाही तो असा.

ती त्या केंद्रातून परत आली नाही. जखम भरली, तिथल्या मुली चांगल्या होत्या, मी दर दोन आठवड्यांनी जात होते. दिवाळीच्या आधी एका दुपारी झोपेतच गेली. लोक म्हणतात, तू सगळं केलंस. लोकांना म्हणायला काय जातं? आता मी रोज चालते, गुडघ्यांत उशी घेते, कुशीवर होऊन मग उठते. कंबर दुखत नाही. कूलर चालू झालाय, माग चालू आहेत, आणि मी रात्रभर झोपते. कुणी 'नशीबवान आहात, या वयात झोप लागते' असं म्हटलं की माझं डोकं फिरतं.

ते तिला घेऊन गेले त्या रात्री मी ठरवलं होतं, आज डोळा लावायचा नाही. तिचा पलंग रिकामा, तिच्या पाठीसाठी आणलेली हवेची गादी पंप बंद झाल्यावर बसलेली, घरात औषधाचा वास. मी दहाला नुसती टेकले आणि सकाळी सहाला जाग आली. तोंड न धुता तशीच बसून होते, तर श्रीनिवासचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर अम्मा, नव्या पांढऱ्या उशीवर. पाठ कशी आहे, जेवलीस का, हे मी विचारायच्या आत तिनेच विचारलं, "झोपलीस का?"

नाही म्हणावं, असं फार वाटलं. तुझ्याशिवाय झोप लागली नाही म्हणावं. पण तिला खोटं सांगून मी एकदा बघितलं होतं.

"झोपले अम्मा. आठ तास. एकदासुद्धा उठले नाही."

तिचं बोळकं तोंड भरून हसलं. मान वळत नव्हती, तरी ती वळवून तिने पलीकडच्या पलंगावरच्या अनोळखी बाईला सांगितलं, "ऐकलं का वो, माझी पोरगी झोपली!"